पदके : निरंक

कालव्याचं पाणी बंद झालं की दोन महिने गाळ काढायचं काम निघे. वरून वाळलेला आणि टाच मारली की आत पचपचीत, असा तो गाळ. फावड्यानं कापायचा, घमेल्यात ओढायचा आणि उतार चढून काठावर नेऊन टाकायचा. तरण्याताठ्यांची कंबर चार दिवसांत धरायची. मग बावन्न वर्षांच्या माणसाचं, त्यातही ज्याच्या उजव्या मांडीत लोखंडाचे तीन तुकडे अजून मुक्काम ठोकून होते त्याचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. पण तो रोज सगळ्यांच्या आधी हजर असे. उतार चढायला त्याला वेळ लागे आणि आपल्यामागे कुणी खोळंबलेलं त्याला खपत नसे.

टोळी त्याला ‘जनरल’ म्हणायची. फौजेत तो शिपाई म्हणून गेला होता आणि शिपाई म्हणूनच परत आला होता, पण टोळीनं एकदा बढती दिल्यावर ती कोण काढून घेणार? जेवायच्या सुट्टीत कुणीतरी विचारायचंच, की जनरल, आज छातीवर काय लावलंय. तो सदऱ्यावरचा चिखल दाखवायचा आणि सगळे हसायचे. त्याची बायको त्याच टोळीत घमेली वाहायची. हसणं सुरू झालं की ती रिकामी घागर उचलून पाणी आणायला निघून जायची. आपल्या माणसाची थट्टा तिला बघवत नाही, असं त्याला वाटायचं, आणि त्यातल्या त्यात ते एक सुख होतं.

पदकांची गोष्ट गावाला पाठ होती. डोंगरावरच्या चौकीवर तोफगोळा पडला तेव्हा हा मांडीतून आणि हातातून रक्त वाहत असताना एका जखमीला ओढत खाली घेऊन आला. पुढे सहा महिने लष्कराच्या इस्पितळात होता. तिथं खाटेशेजारी एक अधिकारी येऊन सांगून गेला की तुझी दोन पदकं मंजूर झाली आहेत, एक लढाईचं आणि एक जखमेचं, ती घरच्या पत्त्यावर जातील. घरी आला तर काही नाही. फौजेतून सुटताना मिळालेल्या पुस्तकात पदकांचा रकाना होता आणि त्यात एकच शब्द होता, निरंक.

माणसाला दोष द्यायला तोंड लागतं. सरकारला तोंड नसतं, म्हणून त्यानं ते शेजारच्या गावात शोधलं. त्याच्या फौजेतल्या कंपनीचा कारकून त्या गावचा. काठीसारखा वाळका, सदा कानावर पेन, म्हणून सगळे त्याला ‘बोरू’ म्हणत. फौजेत दोघं एका ताटात जेवले होते. याची घरची पत्रंसुद्धा बोरूनंच लिहिलेली. पण याद्या बोरूच्या हातच्या, तेव्हा नाव त्यानंच गाळलं असणार, नाहीतर पदकं परस्पर कुणाच्या तरी घशात घातली असणार, असं यानं ठरवून टाकलं. घरी आल्यावर तीन वर्षांनी भर बाजारात, चहाच्या टपरीवर चार माणसांसमोर यानं त्याला चोर म्हटलं. बोरूनं अर्धा प्यालेला ग्लास खाली ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. गप्प बसला म्हणजे कबूलच झालं, असं यानं पुढची तेवीस वर्षं सांगितलं. समोरून बोरू येताना दिसला की हा कालव्याच्या पलीकडच्या काठाला जायचा.

त्या वर्षी कालव्याच्या दारांवरचा जुना राखणदार डोळ्यांनी अधू झाला आणि जागा रिकामी झाली. काम काय, तर दगडी खोलीत बसायचं, हुकूम आला की चाक फिरवून दार उचलायचं आणि पाण्याची उंची वहीत लिहायची. उतार नाही, घमेलं नाही. नियम असा होता की ही जागा लढाईत जखमी झालेल्या माजी सैनिकाला आधी द्यायची, पण जखमेचं पदक नोंदीत पाहिजे. तशी नोंद नसली तर मग कुठलाही माजी सैनिक चालेल. असा दुसरा सैनिक तयारच होता. टोळीच्या मुकादमाचा मेहुणा. फौजेत त्यानं बारा वर्षं स्वयंपाकघरात पळी हलवली होती, पण त्याच्या पुस्तकात निरंक नव्हतं.

कालव्याचे साहेब माणूस बरे होते. त्यांनी याला बाजूला घेऊन सांगितलं की रेकॉर्ड ऑफिसला नोंद दुरुस्तीचा अर्ज कर, तुझ्या कंपनीतल्या माणसाचा जबाब जोड, पाणी सुटायच्या आत उत्तर आलं तर जागा तुझी. कंपनीतल्या जाणत्या माणसांपैकी या भागात उरला होता तो एकच, बोरू. ते ऐकून याच्या तोंडचं पाणी पळालं.

चार दिवस त्यानं काढले. पाचव्या दिवशी उतारावर मांडीनं दगा दिला, घमेल्यासकट तो खाली घसरत गेला आणि मुकादम वरून म्हणाला की जनरल, उद्यापासून बायकांबरोबर पाणी वाटायला लागा. त्या संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो शेजारच्या गावी गेला.

बोरू ओट्यावर बसून कुणाचा तरी अर्ज लिहीत होता. आता त्याचा तोच धंदा होता. यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. माफी मागितली नाही, फक्त नजर जमिनीवर ठेवली. बोरूनं ऐकून घेतलं, आत सांगून चहा मागवला आणि मग एक विचित्र प्रश्न विचारला.

"घरी सांगून आलास का?"

"घरी काय सांगायचं? तिला यातलं काय कळतं?"

बोरूनं पेनाचं टोक पुसलं. "अर्ज केलास की उत्तर येणार," तो म्हणाला. "आणि उत्तर आलं की ते वाचावं लागेल. विचार कर."

याला वाटलं, गडी घाबरला. चोरी उघडी पडेल म्हणून पाय मागे घेतोय. "तू लिही," तो म्हणाला. "वाचायला मी समर्थ आहे."

बोरूनं लिहिलं. तेच मोत्यासारखं अक्षर. चौकी, तारीख, तोफगोळा, ओढत आणलेला जखमी, सगळं त्याला जिथल्या तिथे आठवत होतं. शेवटी त्यानं स्वतःचा जबाब लिहून खाली सही केली. पदकांच्या यादीत नाव होतं, यादी माझ्या हातची आहे, असं त्यात साफ लिहिलं होतं. ते वाचून हा जरा गोंधळला. चोर असा जबाब लिहून देईल कसा? पण तेवीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट एका सहीनं सुटत नाही. वय झालं, जिवाला घाबरला असेल, असं म्हणून त्यानं कागद खिशात घातला. चहा मात्र प्याला.

घरी बायको चुलीशी होती. कुठं गेला होता ते त्यानं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. त्यांनी काय म्हटलं, एवढंच तिनं विचारलं. काय म्हणणार, लिहून दिलं गुपचूप, असं तो जरा फुशारकीनंच म्हणाला. त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. तो विचारायचा, ती ऊन बाधलं म्हणायची. काम होतंच तसं, त्यामुळे त्यानं फार खोदून विचारलं नाही.

उत्तर आलं तेव्हा गाळ शेवटच्या टप्प्यावर होता आणि पाणी सुटायला आठ दिवस राहिले होते. दुपारची सुट्टी होती. पोस्टमननं काठावरूनच हाक मारली. सगळी टोळी मान वर करून बघायला लागली, मुकादमसुद्धा. यानं हात मांडीला पुसले, लिफाफा घेतला आणि पुलाच्या कमानीखाली सावलीत जाऊन उभा राहिला.

सरकारी पत्र होतं, भाषा तशीच. नमूद सैनिकाची दोन्ही पदके अमुक तारखेस घरच्या पत्त्यावर नोंदणी टपालाने रवाना केली होती. सदर पाकीट ‘पत्नीने घेण्यास नकार दिला’ अशा शेऱ्यासह परत आले. त्यानंतर तीन वर्षांनी सैनिकाच्या पत्नीने अंगठ्यासह अर्ज करून पदके पुन्हा मागितली. सैनिकाने स्वतःच्या सहीने मागणी करावी असे कळवले असता उत्तर न आल्याने प्रकरण बंद करण्यात आले. सैनिकास या नकाराची माहिती नव्हती असे सिद्ध झाल्यास नोंद दुरुस्त करता येईल. त्यासाठी सोबतचा नमुना सरकारी अधिकाऱ्यासमोर भरून पाठवावा. आणि मागे त्या जुन्या अर्जाची नक्कल टाचलेली होती. खाली अंगठा. वर मोत्यासारखं अक्षर.

त्यानं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्याला वाटलं की हे दुसऱ्याच कुणाचं आहे. तिसऱ्यांदा वाचताना तो ओल्या गाळात तसाच खाली बसला. पदकं गेली होती याचं त्याला काही वाटलं नाही. ती गेलेलीच होती. पण ज्या दोन माणसांना माहीत होतं त्यातली एक रोज त्याच्या शेजारी झोपत होती, आणि दुसऱ्याला त्यानं गावभर चोर ठरवला होता, आणि दोघांनी मिळून त्याला इतकी वर्षं एकट्यालाच बोलत ठेवलं होतं.

ती पाण्याची घागर घेऊन येत होती. त्याला बसलेला आणि हातात कागद बघून ती तिथंच थांबली. काय ते तिला कळलं.

"तू परत पाठवलंस," तो म्हणाला.

तिनं घागर खाली ठेवली. "हो."

"का?"

ती बोलायला लागली ती कधीची तयार असल्यासारखी, न थांबता. लग्न होऊन आल्यावर वर्षभरात कुंभाराच्या घरी असंच पाकीट आलेलं तिनं पाहिलं होतं. आत दोन पदकं, घडी घातलेला गणवेश आणि पोराचं घड्याळ. घड्याळ चालू होतं आणि पोरगा मेलेला होता. गावात फौजेतून पदकांचं पाकीट तेवढं एकदाच आलं होतं. माणूस मेला की पदकं घरी येतात, हे तिनं तेव्हाच धरून ठेवलं. याचा हात जखमी, पत्रं लिहिणारा बोरू दूर कंपनीत, म्हणून चार महिने पत्र नाही, आणि एक दिवस पोस्टमन दारात उभा. सही कर म्हणाला, फौजेतून पदकं आहेत.

"घेतलं असतं तर खरं झालं असतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, आमचं नाही, घेऊन जा. सासूबाई आत निजल्या होत्या. त्यांना सांगितलं नाही. तीन आठवडे मी एकटीनं तुम्हाला मेलेलं धरलं. रोज कामाला गेले, रोज स्वयंपाक केला. मग तुम्ही आलात."

"आलो तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दारातच विचारलंत, माझं काही आलं का. सासूबाई म्हणाल्या, काही नाही. त्या आनंदानं रडत होत्या. त्यांच्यासमोर कसं सांगू, की मी तुम्हाला मारून बसले होते? मग उद्या सांगू, उद्या सांगू, असं झालं. मग तुम्ही बोरूभाऊंना चोर म्हणालात. तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी अर्ज लिहिला. तुमची सही पाहिजे असं उत्तर आलं, तेव्हा ते म्हणाले, वहिनी, आता सांगून टाका. मीच त्यांना शपथ घातली."

मांडीत कळ उठत होती आणि ती बरी वाटत होती. ती तरी ओळखीची होती. पाकिटाचं त्यानं समजून घेतलं असतं. अडाणीपणा होता, भीती होती, तरणी पोर होती, सगळं खरं. आणि तीन आठवड्यांचं ती जे बोलली ते त्याच्या कानात गेलं, पण आत उतरलं नाही. तिथं जागाच नव्हती.

"पाकिटाचं सोड," तो म्हणाला. "तेवीस वर्षं मी त्या माणसाला चोर म्हटलं. रोज लोक मला हसले. तू ऐकत होतीस. घागर घेऊन जात होतीस. मला वाटायचं, तुला वाईट वाटतं."

"वाटायचंच."

"मला सांगण्याइतकं नाही वाटलं."

 वरून मुकादमानं शीळ घातली, सुट्टी संपली. तो उठला आणि दोघं कामाला लागले. तो फावड्यानं भरत होता, ती उचलत होती. घमेलं उचलून देताना दर वेळी बोटाला बोट लागायचं, म्हणून तो आता घमेलं जमिनीवर ठेवून मागे सरकायला लागला. तिला वाकून एकटीनं उचलावं लागलं. संध्याकाळपर्यंत असंच चाललं आणि टोळीतल्या कुणाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

कामावरून तसाच, चिखलाच्या पायांनी तो बोरूच्या ओट्यावर गेला. रस्ताभर त्यानं मनाशी पुष्कळ जुळवलं होतं. केसानं गळा कापलास, मैत्रीचे चांगले पांग फेडलेस, असलं बरंच. पण बोरूनं त्याला येताना बघितलं आणि चष्मा काढून हातात धरला, मार खायला बसल्यासारखा.

"मी तुला चोर म्हटलं," तो म्हणाला. "तू एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असतास."

"शकलो असतो. मग तू तिचं काय केलं असतंस?"

"ते माझं मी बघितलं असतं. माझं घर होतं."

"तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं. इस्पितळातून आल्यावर तू घरातली भांडी फोडत होतास. ती इथं आली तेव्हा थरथरत होती. मला सोसेल असं वाटलं, म्हणून मी सोसलं."

बोरू हे अगदी साधेपणानं म्हणाला. बढाई नव्हती, तक्रार नव्हती. तेच याला जास्त झोंबलं. शत्रू असता तर बरं झालं असतं. या माणसानं त्याच्यावर उपकार केले होते, न विचारता, आणि ते उपकार तेवीस वर्षं त्याच्या नकळत त्याच्या अंगावर चढत गेले होते. त्याला सांभाळायचं, त्याच्यापासून लपवायचं, त्याला कळता कामा नये, हे दोघांनी या ओट्यावर बसून ठरवलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"परवा कचेरीत ये," एवढंच तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायला साक्षीदार लागतात. ज्यांनी मला कळू दिलं नाही, तेच लागतात."

कालव्याच्या कचेरीत तिघं एका ओळीत उभे राहिले. खोली लहान, टेबल मोठं, आणि टेबलाशेजारची भिंत कमरेएवढ्या उंचीवर काळी झालेली. अंगठा दिल्यावर लोक तिथंच बोट पुसायचे. साहेबांनी नमुना उलगडला आणि एकेक रकाना वाचून भरायला घेतला. बाहेर व्हरांड्यात मुकादम आणि त्याचा मेहुणा बसले होते. दार उघडंच होतं.

पाकीट कुणी नाकारलं? मी, ती म्हणाली. कारण? ते तिनं सांगितलं तेव्हा साहेबांचं पेन मध्येच थांबलं. पतीचा मृत्यू झाल्याचा गैरसमज, असं त्यांनी शेवटी लिहिलं. ही गोष्ट पतीला सांगितली होती का?

"नाही. मी कळूच दिलं नाही."

बाहेरून कुणीतरी खाकरलं. पुढचा प्रश्न बोरूला होता. त्यानंही तसंच सांगितलं, शब्द मोजून. आज संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या टोळीत होणार हे तिघांनाही कळत होतं. आजवर लोक पदकांवरून हसत होते. उद्यापासून कशावरून हसतील, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

"आता अर्जदार," साहेब म्हणाले. "साक्षीदार दोन्ही विश्वासू आणि परिचयाचे आहेत, असं छापलेलंच आहे. फक्त सांगा, यांना किती वर्षांपासून ओळखता?"

त्यानं दोघांकडे बघितलं. बोरूची मान खाली होती. ती मात्र त्याच्याकडेच बघत होती.

"परवापासून," तो म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "चेष्टा नको. वर्षं सांगा."

"चेष्टा नाही साहेब. परवापासून."

"कागद बिनचूक गेला तर तेवढ्यावर मी जागा धरून ठेवीन, पण असं लिहिलं तर तो परत येईल. पाणी सहा दिवसांनी सुटणार आहे. मग मला त्या बाहेरच्या माणसाला घ्यावं लागेल, हे समजतंय ना?"

त्याला समजत होतं. उभं राहून राहून मांडी थरथरायला लागली होती. त्यानं टेबलाची कड धरली. समोर पुढचा उन्हाळा होता, त्याच्या पुढचा होता, उतार आणि घमेलं होतं. गप्प राहिला तर तेच होतं. बोलला तर खोटं होतं.

"तीस," ती हळूच म्हणाली. "माझी तीस लिहा साहेब. बोरूभाऊंची तेहेतीस."

"तुम्ही सांगून चालत नाही. अर्जदारानं सांगायला पाहिजे."

 साहेबांनी पेन रकान्यावर टेकवून धरलं.

"ती सांगते तेच लिहा," तो म्हणाला. "आजवर तेच धरत आलोय."

साहेबांनी आकडे लिहिले. बोरूनं सही केली. यानं सही केली. ती वाकडी आली. मग साहेबांनी शाईची गादी पुढे सरकवली. तिनं अंगठा दाबला, कागदावर उमटवला आणि काळं बोट हवेत धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मग, कामावर रोज हात पुसायची त्या सवयीनं, तिचा हात त्याच्या खांद्यावरच्या रुमालाकडे गेला. त्यानं रुमाल उचलून दुसऱ्या खांद्यावर टाकला.

हात थोडा वेळ तिथंच राहिला. मग ती वळली आणि तिनं भिंतीला बोट पुसलं.